पॉइंट टू-टू: तुमच्या नळीला कुठलं काडतूस मानवतं, ते कसं शोधायचं

कॉलेजात एनसीसी केलेल्या माणसासमोर ‘पॉइंट टू-टू’, म्हणजे ०.२२ इंच नळीची रायफल, असं म्हणा, त्याला लगेच ती जुनी डिलक्स रायफल आठवते. सतरंजीवर पालथं झोपायचं, समोर २५ मीटरवर टार्गेट आणि मोजून हातावर ठेवलेली पाच काडतुसं. त्या वयात काडतूस निवडायचा प्रश्नच नव्हता, मिळेल ते झाडायचं. आता त्यांतलेच काही जण पालक म्हणून भेटतात. मुलगी दोन वर्षं एअर रायफल मारते आहे, आता ५० मीटरला जायचं म्हणते. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकाराचं) कांस्यपदक आणलं, तेव्हापासून ही विचारणा आमच्याकडे वाढली आहे. आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: “सर, कुठलं काडतूस चांगलं?”

याचं उत्तर दुकानदार देऊ शकत नाही, मीही देऊ शकत नाही. ते तुमच्या रायफलीची नळी देते. तिला नीट विचारायचं कसं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी कायदा

४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पॉइंट टू-टूला लागतो. ती बंदूक आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम तिला पूर्णपणे लागू होतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी क्लबचं सभासदत्व, मग क्लबच्या रायफलीवर सराव, स्पर्धांचे गुण, आणि त्यानंतर स्वतःचा परवाना. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, तिथे जाऊन प्रत्यक्ष विचारणं कुठल्याही व्हिडिओपेक्षा बरं. काडतुसं परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेतच मिळतात आणि त्यांचा हिशोब ठेवावा लागतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्रं जमा करण्याची नोटीस येऊ शकते. नेमबाजांना त्यातून सूट मिळते का, हे आपल्या पोलीस ठाण्यात आधीच लेखी विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट शिकारीची. रिमफायर, म्हणजे पॉइंट टू-टूच्या जातीच्या काडतुसांवरचं परदेशी लिखाण वाचलंत तर निम्मं सशांबद्दल आणि खारींबद्दल असतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. यात पळवाट शोधू नका.

माझे एक मामा लांज्याकडे असतात. भातात डुकरं शिरतात, रातोरात शेत लोळवून जातात. त्यांनी एकदा विचारलं, “अरे, ती तुझी बारीक बंदूक डुकराला चालेल का रे?” मी म्हटलं, “नाही मामा. आणि चालणारी असती तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही.” कोकणात शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकांचे परवाने असतात, ती गोष्ट वेगळी. पॉइंट टू-टूची अडीच ग्रॅमची शिशाची गोळी रानडुकराला ठार करत नाही. ती त्याला जखमी करते, मग ते जनावर झाडीत जाऊन चार दिवस कुजत मरतं किंवा वाटेत भेटेल त्या माणसावर येतं. मामांचं नुकसान मला दिसतं, पण त्यावरचा उपाय हा नाही.

रिमफायर म्हणजे काय

काडतूस हातात घेऊन पाहा. पितळी पुंगळी एकाच पत्र्याची असते आणि बुडाला बाहेर आलेली कड असते. या कडेच्या आतल्या पोकळीत ठिणगी पाडणारं मिश्रण गोल फिरवून बसवलेलं असतं. रायफलीची पिन ती कड चेचते, मिश्रण पेटतं, दारू जळते आणि गोळी सुटते. पिननं कड चेचता यावी म्हणून पुंगळीचा पत्रा पातळ ठेवावा लागतो. पत्रा पातळ म्हणजे आतला दाबही बेताचाच ठेवावा लागतो. म्हणूनच या काडतुसाला धक्का कमी, आवाज कमी आणि ताकदही कमी. एकदा उडालेली पुंगळी पुन्हा भरून वापरता येत नाही. म्हणजे मोठ्या रायफलीचे नेमबाज घरी बसून स्वतःची काडतुसं बांधतात, तशी सोय आपल्याला नाही. कारखान्यानं जे बनवलं त्यातूनच निवडायचं. निवड करणं महत्त्वाचं ठरतं ते त्यामुळेच.

भावंडांची ओळख

सगळ्यात थोरलं पॉइंट टू-टू शॉर्ट, १८५७ चं. गोळी १.९ ग्रॅमची. पूर्वी रॅपिड फायर पिस्तुलाच्या स्पर्धेत ते चालायचं, २००५ पासून तिथेही लाँग रायफलच लागतं. आज तुम्हाला त्याचं काम नाही.

पॉइंट टू-टू लाँग रायफल, लोकांच्या तोंडी ‘एलआर’, १८८७ चं. गोळी साधारण २.६ ग्रॅमची, नुसत्या शिशाची, वरून मेणासारखं वंगण लावलेली. स्टँडर्ड प्रकारात ती नळीतून सेकंदाला ३२० ते ३३० मीटर वेगानं सुटते, तेव्हा तिच्यात सुमारे १४० जूल ऊर्जा असते. तुमच्या एअर रायफलच्या छर्‍यात साधारण ८ जूल असते, त्यावरून फरक लक्षात घ्या. ऑलिंपिकची ५० मीटर रायफल म्हणजे हेच काडतूस. दुसरं नियमात बसत नाही.

पॉइंट टू-टू मॅग्नम विंचेस्टरनं १९५९ मध्ये काढलं. गोळी तेवढ्याच वजनाची, पण वेग ५७० मीटरच्या आसपास आणि ऊर्जा एलआरच्या तिप्पट. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नाव सारखं असलं तरी मॅग्नमची पुंगळी जाड असते. एलआर काडतूस मॅग्नमच्या चेंबरमध्ये (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत) सैल बसतं, आणि उडवलं तर पुंगळी फाटून गरम वायू तोंडावर येऊ शकतो. नळीवर काय कोरलंय ते वाचल्याशिवाय आत काहीही घालू नका.

मग सतरा कॅलिबरची, म्हणजे ०.१७ इंचाची मंडळी. हॉर्नेडीनं २००२ मध्ये मॅग्नमचीच पुंगळी तोंडाशी आवळून त्यात १.१ ग्रॅमची गोळी बसवली, तिचा वेग सेकंदाला ७७५ मीटरच्या घरात. हे एचएमआर. त्याचं धाकटं रूप मॅक टू, २००४ चं, साधारण ६४० मीटर. पुढे विंचेस्टरनं बांधकामात खिळे मारणाऱ्या यंत्राच्या काडतुसावरून सुपर मॅग्नम बनवलं, ते ९०० मीटर ओलांडतं. परदेशात शंभर-दीडशे मीटरवर शेतातले उंदरासारखे प्राणी टिपायला ही काडतुसं वापरतात, कारण तेवढ्या अंतरात गोळी फारशी खाली येत नाही. पण गोळी हलकी, लागताच फुटणारी. मोठ्या जनावरावर ती निरुपयोगी. मेलबर्नला राहणारा भाचा विचारत असेल तर त्याला हे सांगा, आणि तिथला स्थानिक कायदा वाचायला सांगा. मुंबईतल्या नेमबाजाला या सगळ्याचा उपयोग एवढाच की इंटरनेटवर कुणी ‘सर्वात अचूक रिमफायर’ म्हणून एचएमआरचं नाव घेतलं तर ते आपल्या खेळासाठी नाही, हे कळावं.

वेगाचा मोह

इथे मी जरा थांबणार आहे, कारण नव्यांची सगळ्यात महागडी चूक इथेच होते.

एलआरमध्येच दोन घराणी आहेत, स्टँडर्ड आणि हाय व्हेलॉसिटी. हाय व्हेलॉसिटीचा वेग ३८० मीटरच्या आसपास. डब्यावर मोठा आकडा दिसतो आणि वाटतं, गोळी लवकर पोहोचेल म्हणजे वारा तिला कमी ढकलेल. प्रत्यक्षात उलटं होतं.

वारा गोळीला किती ढकलेल, ते ती किती वेळ हवेत आहे यावर ठरत नाही. हवेनं तिचा किती वेळ खाल्ला यावर ठरतं. हिशोब करू. ३२७ मीटर वेगानं सुटलेल्या गोळीला हवाच नसती तर ५० मीटर जायला ०.१५३ सेकंद लागले असते. हवेत साधारण ०.१६० लागतात. म्हणजे हवेनं ७ हजारांश सेकंद खाल्ले. ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा म्हणजे सेकंदाला २.८ मीटर. दोन्हींचा गुणाकार केला की १९-२० मिलिमीटर येतात, तेवढी गोळी सरकते. हाय व्हेलॉसिटीची गोळी ध्वनीच्या वेगाच्या वर सुटते, तिथे हवेचा विरोध एकदम वाढतो आणि ९ हजारांश सेकंद खाल्ले जातात. सरकणं २५ मिलिमीटरच्या घरात. टार्गेटवर दोन वलयांमधलं अंतर ८ मिलिमीटर असतं. म्हणजे वेगवान काडतूस घेऊन तुम्ही पाऊण वलय फुकट घालवलंत.

शिवाय ध्वनीचा वेग आपल्या हवेत, ३० अंशांना, सेकंदाला ३४९ मीटरच्या आसपास असतो. वेगवान गोळी ५० मीटर गाठायच्या आतच या रेषेखाली उतरते आणि उतरताना डगमगते. स्टँडर्ड गोळी पहिल्यापासून खालीच असते, तिला हा उंबरठा ओलांडावा लागत नाही. म्हणून जगातले सगळे मोठे नेमबाज ‘हळू’ काडतूस वापरतात.

मुंबईकरांनी वाऱ्याचा विचार शाळेच्या भूगोलातूनच सुरू करावा. सकाळी मतलई वारे, दुपारकडे खारे वारे. किनाऱ्याजवळच्या रेंजवर सकाळी ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, सुंदर पडतो, साडेअकरा-बाराला झेंड्याची फीत समुद्राकडून फडफडायला लागते आणि मुलं काडतुसाला दोष देतात. काडतुसाची चाचणी शक्यतो सकाळी लवकर घ्या, ती याचसाठी.

चाचणी कशी घ्यायची

एलेचं टेनेक्स, लापुआ, आरडब्ल्यूएसचं आर-५०, एसके, ही नावं तुमच्या कानावर येतील. सगळे कारखाने चांगले आहेत. पण एकाच नावाच्या काडतुसातही प्रत्येक लॉट, म्हणजे एका वेळी बनवलेली खेप, वेगळा असतो. दारूची बॅच, शिसं, यंत्राची मांडणी, यांत केसाएवढा बदल झाला तरी तो ५० मीटरवर दिसतो. आणि एका रायफलीला आवडलेला लॉट शेजारच्या रायफलीला आवडेलच असं नाही, दोन्ही एकाच कंपनीच्या असल्या तरी. म्हणून युरोपात या कंपन्यांनी चाचणी केंद्रं उभारली आहेत. नेमबाज तिथे रायफल घेऊन जातात, ती पकडीत बसवून वेगवेगळे लॉट उडवतात आणि आवडलेला लॉट पेट्यांनी विकत घेतात. आपल्याला ते नेहमी जमत नाही. आपण गादीवर, वाळूच्या पिशवीच्या टेकूवर करू.

एका डब्यात ५० काडतुसं असतात, दहा डब्यांची एक वीट. वीट घेण्याआधी प्रत्येक लॉटचा एक डबा मागा. डब्यावर किंवा आतल्या पुठ्ठ्यावर लॉट नंबर छापलेला असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

पहिल्या दिवशी लॉट अ ची पाच काडतुसं मातीच्या भिंतीत मारा. प्रत्येक काडतुसाचं वंगण निराळं असतं, आणि नळीच्या आत त्याचा थर बसेपर्यंत गोळ्या भरकटतात. कंपनीच बदलत असाल तर पाच पुरत नाहीत, पंधरा तरी लागतात आणि मग दोन डबे घ्यावे लागतील. त्यानंतर दहा-दहाचे दोन ग्रुप कागदावर. मग लॉट ब, मग क. दुसऱ्या दिवशी उलट्या क्रमानं: आधी क, मग ब, शेवटी अ. असं केल्यानं थकवा आणि वारा तिघांच्या वाट्याला सारखा येतो. दोन दिवसांचे ५ आणि २०, पुन्हा ५ आणि २०, मिळून बरोबर पन्नास होतात. मध्ये साइटला (नेम धरायच्या साधनाला) हात लावायचा नाही. ग्रुप कुठे पडतो याला महत्त्व नाही, तो किती घट्ट आहे ते पाहायचं आहे.

पाच गोळ्यांचा ग्रुप कुणी व्हॉट्सअॅपवर टाकला तर कौतुक करा, पण त्यावर पैसे खर्च करू नका. पाच गोळ्या नशिबानंही एकाच भोकात जातात.

आता कागद घरी आणा. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वलय १०.४ मिलिमीटरचं असतं आणि गोळी ५.६ ची. गोळीची कड वलयाला टेकली तरी दहा मिळतात, म्हणून गोळीचा मध्य १६ मिलिमीटरच्या वर्तुळात असला की पुरे. एका पारदर्शक प्लॅस्टिकवर कंपासनं १६ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. ते ग्रुपवर ठेवून हळूहळू सरकवा, जास्तीत जास्त भोकांचे मध्य आत येतील तिथे थांबवा आणि बाहेर राहिलेली मोजा. प्रत्येक लॉटच्या चारही ग्रुपांसाठी हे करा. चाळीसपैकी बाहेर किती, हा तुमचा आकडा. दिव्याखाली बसून ते प्लॅस्टिक सरकवताना डोळ्यांना जे दिसतं, ते कुठल्याही जाहिरातीत नसतं.

मग भोकांचा आकार पाहा. ग्रुप आडवा पसरला असेल तर वारा किंवा तुमचा खांदा. उभा पसरला असेल तर काडतुसाकडे पाहा. वेगात १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर गोळी साधारण साडेसात मिलिमीटर वरखाली होते, म्हणजे जवळजवळ एक वलय. महाग काडतुसात तुम्ही पैसे मोजता ते या सातत्यासाठी, वेगासाठी नाही.

माझा एक अनुभव सांगतो. राज्य स्पर्धेच्या आधी मी चाचणी करून एक लॉट ठरवला आणि विक्रेत्याकडून वीट मागवली. वरचे डबे त्याच लॉटचे होते, खालचे चार दुसऱ्या. मी तपासलं नाही. स्पर्धेत प्रोनची (पालथं झोपून मारायची) पहिली मालिका छान गेली आणि दुसरीत दोन गोळ्या वर, एक खाली. मी श्वास तपासला, स्लिंग (रायफल हाताला धरून ठेवणारा पट्टा) तपासली, गालाची जागा तपासली, साइट फिरवली, आणखी बिघडवलं. संध्याकाळी डबे जमिनीवर मांडले तेव्हा नंबर दिसले. त्यानंतर दुकानात उभं राहून प्रत्येक डबा उलटा करून पाहतो, मागे कितीही लोक असोत.

नव्या मुलांसाठी माझं मत स्पष्ट आहे. पहिलं वर्षभर मधल्या दर्जाचं, एकाच लॉटचं, स्टँडर्ड वेगाचं काडतूस घ्या. तुमच्या हातचा ग्रुपच अजून चाळीस मिलिमीटरचा असेल तर टेनेक्सनं तो वीसचा होत नाही. ते पैसे जॅकेटवर, रेंजच्या फीवर घाला. प्रोनमध्ये साठपैकी पन्नासहून जास्त दहा यायला लागले की मग मॅच दर्जाच्या लॉटकडे वळा.

पावसाळा आणि प्रवास

जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत पितळही काळं पडतं. डबे हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, कुलपात ठेवा. फ्रिजमध्ये नको. एसी गाडीतून थंड झालेली काडतुसं दमट रेंजवर उघडली की त्यांच्यावर दव धरतं आणि वंगणाला चिकटतं. डबा बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या. उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच ठेवू नका. दारू तापली की वेग बदलतो, मेण पातळ होतं. भरताना काडतूस गोळीकडून न धरता पितळाकडून धरा. बोटाला लागलेलं मेण गोळीवरून गेलेलं असतं आणि त्यावर धूळ बसते.

रायफल आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलूपबंद पेटीत न्या, मूळ परवाना आणि असोसिएशनचं पत्र जवळ ठेवा.

रेंजवर

चाप ओढला आणि फक्त ‘टक’ झालं तर नळी टार्गेटकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबा. रिमफायरमध्ये कडेला मिश्रण नीट पसरलेलं नसलं की असं होतं, आणि कधी काडतूस उशिरा पेटतं. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तो जास्त गंभीर प्रकार समजा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. पुढचं काडतूस भरू नका, बोल्ट काढा, रेंज ऑफिसरला बोलवा. क्लबच्या रायफलीवर रिकामा चाप ओढायची सवय नको, पिन चेंबरच्या कडेवर आपटते; रिकाम्या सरावासाठी वेगळी कळ असलेली रायफल असेल तर ती कळ वापरा, नाहीतर उडालेली पुंगळी घाला.

एलआरची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि दगडावरून, पाण्यावरून उसळते. म्हणून मागे मातीची भिंत असलेल्या रेंजबाहेर, गावच्या मोकळ्या माळावरसुद्धा, ती उडवायची नाही.

मारून झाल्यावर साबणानं हात आणि तोंड धुवा, मगच डबा उघडून पोळी-भाजी खा. प्रत्येक काडतुसाच्या धुरात शिसं असतं. लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांनी यावर लक्ष ठेवावंच, आणि रेंजचे कपडे घरी वेगळे धुवावेत.

पुंगळ्या मोजून क्लबला परत करा. मग वहीत तारीख, लॉट नंबर, वेळ, तापमान, वाऱ्याची दिशा, नळी शेवटची कधी पुसली, आणि बाहेर गेलेल्या गोळ्यांचा आकडा लिहा. लॉट संपत आला, दोन डबे उरले की नव्या लॉटची चाचणी त्याच वेळी लावा, म्हणजे जुन्याशी शेजारी-शेजारी ठेवून तुलना करता येते.